बाराच्या खेळाला प्राइम टाइम म्हणायचं?

इस्लापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातल्या जत्रा-बाजारांत ते फिरता पडदा लावतात. ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’साठी त्यांनी दिवाळीआधीच विचारणा केली होती. वितरकाकडून उत्तर मिळालं, ‘तिसऱ्या आठवड्यानंतर बघू.’ तोवर गावातली पोरं मोबाइलवर पाहून मोकळी झाली. भोकर-हदगावकडच्या पडदेवाल्यांची तक्रारही हीच.

8 नोव्हेंबर 2018 ला घाणेकर आणि ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ एकदमच लागले. मोठ्या हिंदी चित्रपटामागून ‘चारही खेळ आमचेच’ ही अट येते, हे तुम्हा पडदेवाल्यांना काय सांगायचं! 2017 च्या डिसेंबरात ‘टायगर जिंदा है’पुढं मराठी ‘देवा’ची तीच गत झाली. नाटकाच्या जाहिरातीत ज्याचं नाव सगळ्यांच्या शेवटी ‘आणि’ लावून यायचं आणि त्याच नावावर हाउसफुल्लची पाटी लागायची, त्या नटाची चढती आणि उतरती कळा दाखवणारा हा चित्रपट. तो खेळांच्या यादीतही शेवटीच राहिला. ठग्जनं पहिल्या दिवशी पन्नास कोटी ओलांडले, आणि आठवडा संपायच्या आत खुर्च्या रिकाम्या. एमजी (किमान हमीची रक्कम) भरून बसलेल्यांनी आता डीसीआर (रोजच्या गल्ल्याचा अहवाल) कुणाला दाखवायचा?

सरकारी आदेशाचा आधार घ्यावा तर तोही तसलाच. 2015 साली मराठीसाठी संध्याकाळी सहा ते नऊची वेळ जाहीर झाली. ओरड होताच तिची दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. म्हणजे बाराचा खेळ लावला की कागदावर प्राइम टाइम झाला. नोव्हेंबरात बारा वाजता इस्लापूरचा माणूस कापूस वेचत असतो, साहेब! शिवाय आदेश फक्त मल्टिप्लेक्सना. मंत्रालयातली मंडळी सहस्रकुंडाचा धबधबा बघायला येतात, पण इस्लापुरात पडदा कुठं लागतो हे त्यांनी कधी विचारलं नसावं.

त्यात चित्रपट वितरणाच्या नकाशावर नांदेड अजून निझाम सर्किटमध्येच. 1948 साली मराठवाडा मुक्त झाला, पण हिंदी चित्रपटाच्या अटी आजही हैदराबादच्या बाजूनं येतात आणि मराठीसाठी मुंबई-पुण्याकडं हात जोडावे लागतात. दोन धन्यांच्या तावडीत एकच पडदा.

पण सगळा दोष वरच्यांवर ढकलून चालणार नाही. ‘चारही खेळ’वर सही करणारे हात आपलेच आहेत. शेजारच्यानं केली म्हणून आपणही करायची आणि मग संघटनेच्या बैठकीत गळा काढायचा, हे किती दिवस चालणार? 

28 डिसेंबर 2018 ला ‘सिंबा’ लागतोय, 4 जानेवारी 2019 ला ‘भाई’ आणि 25 ला ‘ठाकरे’. सिंबाच्या करारातच लिहून घ्या: 4 तारखेपासून रोज संध्याकाळचा एक खेळ मराठीसाठी मोकळा. तोंडी शब्दावर एमजी भरू नका. कुणी ही अट नाकारली, तर त्या नकाराच्या पत्राची नक्कल 20 डिसेंबरच्या आत आमच्याकडं पाठवा. नावानिशी छापू.