धोबीपछाड, धोबीपछाड... आणि 'नुरा' कोण लिहिणार?

निवडणूक ग्रामपंचायतीची असो की सोसायटीची, निकाल लागला की आमच्या पत्रकार मंडळींच्या हाताला एकच शब्द लागतो, धोबीपछाड. वीस मतांनी पडला तरी धोबीपछाड, छाननीत अर्ज उडाला तरी धोबीपछाड! अरे, धोबी ओलं कापड खांद्यावरून दगडावर आपटतो, तसा अख्खा गडी खांद्यावरून आदळायचा, तो हा डाव. छाननीत अर्ज उडवायला फक्त वकील लागतो.

'चितपट'चंही तेच. पाठ मातीला लागली, डोळ्यांपुढं आभाळ आलं, की गडी चीत. 'अस्मान दाखवलं' ते हेच. शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, १९७० ला एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. त्यांच्या जिल्ह्यात आता फेसबुकवर शड्डू ठोकतात.

खेळातले शब्द राजकारणात जायचेच. इंग्रजीतला उमेदवार 'रिंगणात टोपी टाकतो', ते बॉक्सिंगमधून आलं. लढायची तयारी असलेला गडी तिथं खरोखर टोपी टाकायचा. त्याला माझी हरकत नाही. हरकत ही, की ताकदीचे शब्द पुढाऱ्यांनी उचलले अन् इमानाचे फडातच ठेवले.

'जोड' घ्या. जत्रेत रेवड्यांवरच्या पोरांपासून शेवटच्या इनामापर्यंत पंच तोलामोलाचा गडी बघूनच कुस्ती लावतात. जोड नाही तर कुस्ती नाही. इथं समोरच्याला रातोरात अर्ज मागं घ्यायला लावायचं, जागा बिनविरोध, वर गुलाल! 'जोडच लागू दिली नाही' अशी बातमी वाचलीय कुणी?

आणि 'नुरा कुस्ती'. हलगी कडाडते, घाम निघतो, शिट्ट्या पडतात. निकाल मात्र दोघांनी आधीच ठरवलेला. सभेत एकमेकांचा बाप काढणारे दोन पुढारी बाजार समितीला एकाच पॅनेलमध्ये बसले, तेव्हा मी बातमीत हाच शब्द लिहून पाठवला. छापून काय आलं? 'सर्वपक्षीय एकोपा'. जाहिरात त्याच पानावर, दोघांच्या फोटोसकट.

बाजार समितीची निवडणूक पुन्हा लागेल. मी पुन्हा 'नुरा'च लिहून पाठवणार. कापायचं तर कापा, इथं तरी छापतोच.