डिझायनर हवाच कशाला?

संपादक महोदय,


गेल्या अंकातल्या लेखात विचारलंय, एआय यंत्राकडून मुखपृष्ठ दोन मिनिटांत मिळत असेल तर डिझायनरसाठी आठवडाभर थांबायचं कशाला? कच्चे नमुने झटपट हवे असतील तर मुद्दा मान्य. पण लेखकाने त्यापुढचं काम पाहिलेलं दिसत नाही.

माझा छपाईचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक हल्ली मोबाइलवर ‘तयार’ चित्र घेऊनच येतं. परवाच्या लग्नपत्रिकेत मंगलकलश झकास होता, पण ‘शुभविवाह’मधली वेलांटी ‘भ’ला जाऊन चिकटलेली आणि ‘कार्यस्थळ’चा रफार गायब! अक्षरं चित्रातच मुरलेली, त्यामुळे दुरुस्तीही धड करता येईना. शेवटी सगळा मजकूर डिझायनरनेच नव्याने बसवला. (पैसे मात्र ‘नुसत्या दुरुस्तीचे’ मिळाले.)

कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं आठवा. नाटकाचा पिंड काय, हे नुसत्या नावाच्या वळणावरून कळायचं. विंडोजमधून घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्टही र. कृ. जोशींचा. जोडाक्षर कुठे मोडायचं, काना-मात्रांना किती जागा सोडायची, हे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून ठरवलेलं असतं. यंत्र शिकतं तेही अशाच कामांवरून, बहुतेकदा कर्त्याला न विचारता. लेखात याचा उल्लेखही नाही.

यंत्र वापरायला माझी हरकत नाही, मीही वापरतो. विनंती एवढीच, की येत्या दिवाळी अंकात मुखपृष्ठकाराचं आणि अक्षरकाराचं नाव ठळक छापा. चित्र यंत्राचं असेल, तर तेही तितक्याच ठळकपणे सांगा.

आपला,
एक मुद्रक-वाचक