पीएम किसान: हप्ता सातबाऱ्याला, घाम बटईदाराचा

पीएम किसान योजनेतून शेतकरी कुटुंबाच्या खात्यात वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांत थेट जमा होतात. राज्याने २०२३ मध्ये ‘नमो शेतकरी’ योजना आणून त्यात आणखी ६ हजारांची भर घातली. मधले हात गेले, ही जमेची बाजू.

पण लाभार्थी ठरतो कसा? सातबाऱ्यावरच्या नावावरून. दोन हेक्टरची मर्यादा २०१९ मध्येच उठली. त्यामुळे दीड एकरवाल्याला जेवढे, तेवढेच तीस एकरवाल्याला. खंडाने किंवा बटईने दुसऱ्याचे रान कसणाऱ्याला मात्र काहीच नाही. बियाणे, खत, मजुरी त्याची, अवकाळीचा फटकाही त्यालाच. हप्ता मालकाला, मग तो शहरात का राहीना.

अडचण कागदाची आहे. ‘कूळ लागेल’ या भीतीने मालक लेखी करार टाळतो, व्यवहार तोंडीच राहतो.

यावर मार्ग आहे. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये कायदा करून मालकी हक्काला धक्का न लावता कसणाऱ्यासाठी ११ महिन्यांच्या पीक हक्कपत्राची सोय केली. महाराष्ट्रानेही असा कागद द्यावा. हप्त्याची रक्कम वाढवण्याआधी तो योग्य हातात पडतो का, हे पाहायला हवे.