निसर्गाचे विश्वस्त आणि करदात्यांचा पैसा

धर्मादाय संस्थेचा हिशेब तपासताना सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो: शंभरातील किती पैसे प्रत्यक्ष कार्यावर गेले आणि किती कचेरीवर? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. पैसा कोणत्या सदराखाली खर्ची पडला हे त्यातून कळते. त्या व्यवहारात कोणाचे हित साधले, हे कळत नाही. अमेरिकेतील ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९५१ साली स्थापन झालेली ही संस्था जमिनी विकत घेऊन त्या निसर्गासाठी राखते. मे २००३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तिच्या कारभारावर लेखमाला प्रसिद्ध केली, तेव्हा तिची मालमत्ता सुमारे ३०० कोटी डॉलरांची होती. त्या लेखमालेत उघड झालेला शेल्टर आयलंडचा व्यवहार मुळातून पाहण्याजोगा आहे. न्यूयॉर्क राज्यातील या बेटावर संस्थेने १० एकरांचा भूखंड २१ लाख डॉलरांना घेतला. सात आठवड्यांनी तोच भूखंड, बांधकामावर काही निर्बंध घालून, ५ लाखांना विकला. घेणारे कोण? संस्थेच्याच प्रादेशिक शाखेचे माजी अध्यक्ष व त्यांची पत्नी. एक घर बांधण्याची मुभा त्यांना राहिली. त्यांनी संस्थेला १६ लाख डॉलरांची देणगी दिली.

बेरीज करून पाहावी. ५ आणि १६ मिळून २१. संस्थेच्या वहीत एका डॉलरचीही तूट नाही! परंतु देणगी करवजावटीस पात्र असते. जमिनीची किंमत नसते. आयकराचा उच्चतम दर त्या सुमारास ३९ टक्क्यांच्या घरात होता. त्या दराने १६ लाखांवर पूर्ण सवलत मिळाली असे धरले, तर ती ६ लाख डॉलरांच्या वर जाते. तूट पडते ती सरकारी खजिन्यात. म्हणजे ज्याने ते बेट कधी पाहिलेही नाही, अशा श्रमिक करदात्याच्या माथी.

निर्बंधांमुळे जमिनीचे मोल उतरते आणि निसर्ग कायमचा वाचतो, असे या पद्धतीचे समर्थन केले जाते. ते अगदीच पोकळ नाही. परंतु विकणारा आणि घेणारा एकाच वर्तुळातले असतील, तर त्या निर्बंधांचे मोल ठरवणार कोण?

टेक्सासमधील प्रकार तर अधिक बोलका आहे. १९९५ साली मोबिल या तेल कंपनीने गॅल्व्हेस्टन उपसागराकाठची जमीन संस्थेला दिली. ‘अ‍ॅटवॉटर प्रेअरी चिकन’ हा नामशेष होत चाललेला माळरानी पक्षी तेथे राहत असे. १९९९ मध्ये खुद्द संस्थेनेच तेथे वायूची नवी विहीर खोदविली. उत्पन्न जमेच्या बाजूस आले. पक्ष्याच्या अधिवासाची झीज मांडण्यास वहीत रकानाच नव्हता.

टीकेनंतर २००३ मध्येच संस्थेने विश्वस्तांना व कर्मचाऱ्यांना जमिनी विकणे आणि कर्जे देणे बंद केले. सिनेटच्या वित्त समितीने चौकशी करून २००५ मध्ये अहवाल सादर केला. २००८ पासून तेथील धर्मादाय संस्थांच्या वार्षिक विवरणपत्रात हितसंबंधी व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र ते विश्वस्तांच्या सदसद्विवेकातून नव्हे, तर वृत्तपत्राच्या आणि लोकप्रतिनिधींच्या दडपणातून आले, हे विसरता कामा नये.

धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव मानावी, ही गांधीजींची विश्वस्ताची कल्पना. येथे नेमके उलटे घडले: समाजाने दिलेली करसवलत विश्वस्तांच्या वर्तुळाची सोय बनली. करमाफी म्हणजे सरकारने न आकारलेला, पण जनतेने दिलेलाच पैसा. म्हणून ती घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने कोणती जमीन कोणाला, कोणत्या भावाने दिली आणि त्यात खजिन्याने काय गमावले, हे लोकांसमोर मांडले पाहिजे. अरण्य राखणाऱ्याला हिशेबातून सूट नाही. उलट, तो उद्याच्या पिढ्यांच्या नावाने पैसा मागतो, आणि त्या पिढ्या हिशेब विचारायला आज हजर नाहीत.