धारूरात तेल लागलं असतं तर?

पेट्रोलनं शंभरी ओलांडून काही वर्षं झाली, पण पंपावर एक वाक्य अजून ऐकू येतंच. "आपल्या बालाघाटात तेल लागलं असतं ना, तर धारूरचं दुबई झालं असतं." आपल्या काळ्या दगडाखाली तेल निघण्याची आशा कमीच. पण घटकाभर समजू, लागलं. पुढं काय झालं असतं?

आधी दुबईचं बघू. दुबईला १९६६ साली समुद्रात तेल लागलं. त्या पहिल्या क्षेत्राचं नाव 'फतेह'. आपल्या धारूरचं जुनं नाव फतेहाबाद, म्हणजे नाव तरी आपण आधीच जुळवून ठेवलं होतं! पण दुबईचं तेल शेजारच्या अबूधाबीच्या मानानं थोडं होतं आणि ते संपणार हे तिथल्या शेखला माहीत होतं. म्हणून त्या पैशात त्यांनी बंदर बांधलं, विमान कंपनी काढली, व्यापार आणला. तेव्हा दुबई तेलावर चालते हे अर्धसत्य आहे. ती तेल संपायच्या भीतीवर उभी राहिली.

आता नायजेरियातलं ओलोइबिरी नावाचं गाव बघा. १९५६ साली तिथं तेल लागलं, दोन वर्षांत निर्यात सुरू झाली आणि त्या गावापासून नायजेरिया तेलवाला देश झाला. पुढं तिथल्या विहिरी आटल्या, कंपनी निघून गेली आणि गाव गरीबच राहिलं. त्याच नायजर खोऱ्यात शेतं आणि खाड्या तेलानं काळ्या पडल्या. त्याविरुद्ध ओगोनी लोकांना उभं करणारे लेखक केन सारो-विवा यांना १९९५ च्या नोव्हेंबरात तिथल्या लष्करी सरकारनं फाशी दिली. व्हेनेझुएलाकडं तर जगातले सगळ्यात मोठे तेलसाठे आहेत. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त होतं तिथं. आज त्या देशातले ७० लाखांहून जास्त लोक घरदार सोडून बाहेर पडलेत. ओपेक ही तेल विकणाऱ्या देशांची संघटना १९६० साली उभी करण्यात पुढाकार घेणारे पेरेझ आल्फोन्झो याच व्हेनेझुएलाचे मंत्री. त्याच माणसानं पुढं तेलाला सैतानाची विष्ठा म्हटलं.

असं का होतं? "नेते भ्रष्ट होते" असं म्हणून आपण मोकळे होतो. भ्रष्ट नेते बिनतेलाच्या देशातही असतात, आपल्याला काय सांगायचं! खरी गोम वेगळी आहे. सरकारला पैसा लोकांकडून घ्यावा लागतो, तेव्हा त्याला लोकांची थोडी तरी गरज असते. शेत पिकलं पाहिजे, दुकान चाललं पाहिजे, पोरगं शिकून कमावतं झालं पाहिजे, तरच कर येणार. आणि कर देणारा माणूस आज ना उद्या विचारतो, माझ्या पैशाचं काय केलं? तेलवाल्या राजाला हे काहीच लागत नाही. जमिनीतून पाइप निघतो, जहाजात जातो, डॉलर येतात. लोक पिकले काय अन् वाळले काय, खजिना भरतोच. मग तो लोकांना देतो, पण दान म्हणून. फुकट वीज, स्वस्त पेट्रोल, मर्जीतल्यांना नोकऱ्या. घेणाऱ्यानं आभार मानायचे, हिशोब मागायचा नाही. आणि तेलाचा भाव पडला की दान बंद पडतं आणि पोलीस पुढं येतात.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. नॉर्वेला १९६९ साली मोठं तेल लागलं. तेव्हा तिथं कर भरणारे लोक, चालणारी न्यायालयं आणि खडूस वर्तमानपत्रं आधीपासून होती. त्यातही एक गंमत आहे. नॉर्वेनं तेलाचे नियम लिहिले त्यात मोठा हात होता फारूक अल-कासिम या इराकी भूवैज्ञानिकाचा. हा माणूस बसऱ्याचा. आजारी मुलाच्या उपचारासाठी १९६८ साली बायकोच्या माहेरी, नॉर्वेला आला आणि काम मागायला सरकारी खात्यात गेला. त्यानं घालून दिलेल्या शिस्तीवर नॉर्वेनं पुढं १९९० च्या कायद्यानं तेलाचा पैसा बाजूला ठेवायचा निधी केला. मुद्दलाला हात लावायचा नाही, वर्षाला साधारण परताव्याइतकंच खर्चायचं. देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, आपल्या बीड जिल्ह्याच्या दुप्पट धरा. आणि अल-कासिमच्या स्वतःच्या इराकात? तेल नॉर्वेपेक्षा जास्त, माणूस तोच, पण त्याच्यामागं हिशोब मागणारे लोक नव्हते. तिथं त्या तेलावर युद्धं झाली.

आता घरी येऊ. महाराष्ट्राला तेल लागलंय, हे किती जणांच्या लक्षात आहे? १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' रिगनं मुंबईपासून दीडएकशे किलोमीटरवर बॉम्बे हाय शोधलं. देशाचं तेलाचं सगळ्यात मोठं क्षेत्र ते. पण संविधानाच्या कलम २९७ प्रमाणं समुद्राच्या तळाखालची संपत्ती केंद्राची. जमिनीवर तेल निघालं तर गुजरातला, आसामला रॉयल्टी मिळते, समुद्रातल्याची महाराष्ट्राला नाही. यावर आपल्याकडं अधूनमधून भाषणं होतात, "आमचं तेल दिल्लीनं नेलं" म्हणून. मला विचाराल तर ती रॉयल्टी मुंबईला आली असती तरी धारूरच्या घाटापर्यंत पोचली असती, असं मानायला मन तयार होत नाही. श्रीमंत खजिना आणि कोरडी प्रजा आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलीय. जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून गाजलेला निजाम १९४८ पर्यंत आपलाच राजा होता.

आता मला जे बोलायचंय ते. आपल्याकडं तेल नाही, पण राजकारण मात्र तेलवाल्या देशाचं आहे.

कोणत्याही गावाच्या कमानीवरचा बॅनर वाचा. "आमदार साहेबांनी इतके कोटी निधी खेचून आणला." जणू साहेबांच्या मळ्यात विहीर आहे आणि तिथून निधी उपसून आणला. खाली गावकऱ्यांच्या वतीनं जाहीर आभार. अहो, हा पैसा कुणाचा? आपण मानतो की कर फक्त पगारदार आणि व्यापारी भरतात, आपण कुठं भरतो! ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकणारा प्रत्येक शेतकरी दर लिटरमागं केंद्राला आणि राज्याला कर देतो. पाण्याच्या टँकरचं डिझेल, उसाच्या फडावर कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या ट्रकचं डिझेल, सगळ्यात तो आहे. २०१५ च्या दुष्काळात राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये अधिभार लावला. दुष्काळ आपला, आणि त्याच्या नावाचा अधिभारही आपणच भरला. पुढं पाऊस पडला, तरी अधिभार काही लगेच गेला नाही. पेट्रोलवरचा तर मधल्या काळात वाढलाही. सौदीतल्या माणसाला पगारावर कर नाही म्हणून तो प्रश्न विचारत नाही. आपण कर भरतो, तरी विचारत नाही, कारण तो पंपाच्या नोझलमधून जातो आणि दिसत नाही.

आखातातल्या मजुरांबद्दल वाचताना तर मला आपलंच गाव दिसतं. तिथं कामगार वर्षानुवर्षं कफीलला बांधलेला असायचा, त्याच्या परवानगीशिवाय काम सोडता यायचं नाही. इथं मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत फड सुटत नाही. तेल असो की साखर, ज्याच्या जिवावर ती निघते त्याचा मालकीत वाटा नाही. आपण धारूरकर या गोष्टीत शेख नाही, मजूर आहोत.

आणि एक खरीखुरी जमिनीतली संपत्ती आपल्याही जिल्ह्यात आहे की! वाळू. गेवराई, माजलगावकडं गोदावरीतून निघते, रात्री हायवा भरून जाते. आपल्या अरुंद घाटात समोरून भरधाव हायवा आला की दुचाकीवाल्याचा जीव कसा टांगणीला लागतो, हे मी वेगळं सांगायला नको. नदी गावाची, खड्डा गावाला, विहिरी आटतात गावाच्या, आणि पैसा कुणाच्या हातात जातो हे गावात सगळ्यांना माहीत असतं पण कुणी बोलत नाही. २०२३ मध्ये सरकारनं ६०० रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं. घरकुलवाल्यांना विचारा, त्यांना ती कोणत्या भावानं पडली. वाळूच्या पैशावर जीपगाड्या आल्या, गाड्यांवर पोरं आली, पोरांवर निवडणुका आल्या. ओलोइबिरी काही फार लांब नाही.

म्हणून मी नवा नेता मागत नाहीये, पाटी मागतोय. वाळू घाट असलेल्या प्रत्येक गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. लिलाव कितीला गेला, किती ब्रासची परवानगी होती, शासनाकडं किती भरले, त्यातले गावाला किती आले, कशावर खर्च झाले. निधीच्या बॅनरशेजारीच लावा. घाट नसलेल्या आपल्यासारख्यांनीही रस्त्याच्या कामाचा अंदाजपत्रकी आकडा आणि ठेकेदाराचं नाव मागा. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. कोरम नाही म्हणून ती दहा मिनिटांत उरकतात, तेव्हा तुमच्या गल्लीतले दहा-पंधरा जण सोबत न्या आणि प्रश्न तोंडी नाही, लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.