पहिलीतली मुलं, उशिरा कळणारी अडचण आणि उर्दू

जून जवळ आला की खोपट-राबोडीच्या घरांत पहिलीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. सोबत एक वाक्य दरवर्षी कानावर येतं: "घरी उर्दू, बाहेर मराठी, म्हणून बोलायला उशीर लागतोय." बहुतेक वेळा कारण हे नसतं. दोन भाषांत वाढणारं मूल शब्दांची सरमिसळ करतं, पण गप्प राहत नाही. दोन्ही भाषांत वाक्य जुळत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. नजर उतरवा, दुआ करा, पण तपासणी पुढे ढकलू नका.

2018 साली देशातल्या पाच ठिकाणच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उत्तर गोवाही होतं. 2 ते 6 वयात सुमारे 9 टक्के आणि 6 ते 9 वयात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास मुलांत ऐकणं, बोलणं, बौद्धिक वाढ, स्वमग्नता, फिट यांपैकी एखादी तरी अडचण सापडली. मोठ्या गटाचा आकडा जास्त दिसतो, कारण अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता सहाव्या वर्षापासूनच मोजली होती. 'हल्ली मुलंच बिघडली' असं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. पूर्वी अशा मुलाला सरळ 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवत.

उर्दू माध्यमाचा प्रश्न वेगळाच. वाचनदोष ओळखायची 'डाली' ही भारतीय भाषांतली चाचणी 2015 मध्ये आली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. उर्दूत जेर-जबर सहसा लिहिलेच जात नाहीत, अक्षराचं रूप जागेनुसार बदलतं. मराठीच्या चाचणीने ते मूल कसं जोखणार? आपल्या संस्था जलसे भरवतात, ही मागणी मात्र कुणी लावून धरत नाही.

तोवर जे हाताशी आहे ते वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. पुढचे उपचार मोफत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि त्याच्या अम्मीने शाळेत यावं.