इंजिन बसले : दुरुस्ती की विक्री?

रायपूरच्या परिसरात मालमोटारीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांचे लोखंड, बलौदाबाजारचे सिमेंट आणि हंगामातील धान यांचा मोठा भाग तिच्याच पाठीवरून हलतो. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले. पुढे नवा रायपूरची जी उभारणी झाली, तिची वाळू आणि गिट्टीही मालमोटारींनीच वाहिली. या व्यवसायात एक-दोन गाड्यांच्या बळावर संसार चालविणारे मालक पुष्कळ आहेत. अशा मालकाच्या जुन्या गाडीचे इंजिन बसले, की घरातील मिळकत त्याच दिवशी थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. दुरुस्ती करावी की आहे त्या स्थितीत गाडी विकून मोकळे व्हावे, हा प्रश्न मग दाराशी येऊन उभा राहतो.

बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर हिशेबाऐवजी भावनेतून दिले जाते. ‘गेल्याच वर्षी नवे टायर घातले, आता विकायची कशी?’ असे एक मालक म्हणतो. ‘एकदा बिघडलेली गाडी पुन्हा नीट चालत नाही,’ असे म्हणून दुसरा येईल त्या किमतीला ती देऊन टाकतो. दोघांचेही चुकते. टायरवर झालेला खर्च होऊन गेला. विकताना त्याची जी किंमत मिळेल तेवढीच हिशेबात धरावयाची. आणि इंजिन निकामी झाले म्हणजे गाडी निकामी झाली असेही नाही. चासी, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि केबिन सुस्थितीत असतील, तर इंजिन हा बदलता येणारा भाग आहे. उलट चासीला तडे गेले असतील, तर नवे इंजिनही त्या गाडीला तारू शकत नाही.

खरा हिशेब तीन आकड्यांचा आहे. आहे त्या स्थितीत गाडीला काय मिळेल, दुरुस्तीनंतर काय मिळेल आणि दुरुस्तीला एकूण किती लागेल. समजा, बंद गाडीला चार लाख रुपये मिळतात आणि चालू स्थितीतील तशाच गाडीला साडेसात लाख. फरक साडेतीन लाखांचा झाला. दुरुस्तीला अडीच लाख आणि गाडी उभी राहिल्याच्या काळातील चालकाचा पगार, कर्जावरील व्याज इत्यादींसाठी तीस हजार धरले, तरी सत्तर हजार रुपये दुरुस्तीच्या बाजूने उरतात. तीच दुरुस्ती चार लाखांवर गेली, तर विक्रीचा मार्ग शहाणपणाचा. दुरुस्तीनंतर गाडी स्वतःकडेच ठेवून चालवावयाची असेल, तर विक्रीच्या किमतीऐवजी पुढील दोन-तीन वर्षांची निव्वळ कमाई मोजावी. मात्र ती हातात भाड्याचे काम असेल तरच मोजावी.

अडचण अशी, की इंजिन उघडल्याखेरीज दुरुस्तीचा आकडा कळत नाही. हेड गॅस्केट गेले असेल तर काम थोडक्यात भागते. पाणी संपून इंजिन तापले आणि पिस्टन लायनरला चिकटले असतील, तर संपूर्ण संच बदलावा लागतो. ऑइलचा दाब गेल्याने बेअरिंग जळून क्रँकशाफ्टवर ओरखडे पडले असतील, तर ग्राइंडिंग करावे लागते. ब्लॉकलाच तडा गेला असेल, तर हिशेबाची पाटीच बदलते. पण सुटे करून ठेवलेल्या इंजिनाची गाडी विकायला काढली, की खरेदीदार संशयाने पाहतो आणि भाव पाडतो. म्हणून उघडण्यापूर्वीच खर्चाची कमाल मर्यादा कागदावर लिहून ठेवणे हिताचे. वरील उदाहरणात ती तीन लाख वीस हजारांची होय. ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे काय, कम्प्रेशन किती उरले आहे, या तपासण्या अल्प खर्चात होतात व त्या आधी करून घ्याव्यात. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकाच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांचाही खर्च धरावा लागतो. अशा इंजिनाचे काम रस्त्याकडेच्या गॅरेजवर सोपविणे धोक्याचे.

सर्वांत वाईट मार्ग अर्धवट दुरुस्तीचा. दोन पिस्टन बदलून जुन्या बेअरिंगवर गाडी पुन्हा रस्त्यावर आणली, की जगदलपूरच्या वाटेवर केशकाळच्या घाटात भरल्या मालासह ती पुन्हा बसते. मग ओढून आणण्याचे पैसे, मालधन्याचा रोष आणि नव्याने सगळी दुरुस्ती. करावयाची तर पूर्ण करावी, नाहीतर करूच नये. वेळेचाही विचार हवा. धानखरेदीचा हंगाम नोव्हेंबरपासून सुरू होतो. त्या सुमारास उभी राहिलेली गाडी पावसाळ्यात उभी राहिलेल्या गाडीपेक्षा अधिक महाग पडते. सर्वसाधारण विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाडाची भरपाई मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

विक्रीचा निर्णय झाला, तरी किल्ली हाती देऊन काम संपत नाही. गाडी बँकेकडे तारण असेल, तर बँकेच्या संमतीशिवाय हस्तांतर होत नाही. त्याच राज्यात विकताना विक्रेत्याने 14 दिवसांत व खरेदीदाराने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. गोंदिया किंवा नागपूरच्या ग्राहकाला द्यावयाची असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. याकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 6 फेब्रुवारी 2018 च्या ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या निकालावरून दिसते. वाहन एकापाठोपाठ अनेकांना विकले गेले होते, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. बंद गाडी भंगारवाल्याच्या हवाली करून स्वस्थ बसणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. वाहन मोडीत काढण्यासाठी 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रे आहेत. तेथे दिलेल्या गाडीचे ठेव प्रमाणपत्र मिळते व नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात त्याचा लाभ होतो. दुरुस्तीत इंजिनच बदलले असेल, तर नवा इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तिकेत चढविणे तितकेच आवश्यक आहे.

राहता राहिला हप्ता. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला, तर खाते अनुत्पादक ठरते आणि पुढील कर्जाची वाट अवघड होते. तोपर्यंत बँकेला तोंड न दाखविण्याची वृत्ती नुकसानीची आहे. गाडी बंद पडल्याच्या आठवड्यातच गॅरेजचे लेखी अंदाजपत्रक घेऊन शाखेत गेलेल्या कर्जदाराशी परतफेडीविषयी बोलता येते. चौथ्या महिन्यात निरोप धाडून बोलाविलेल्या कर्जदाराशी ते तितके सोपे राहत नाही. खासगी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलून केलेली दुरुस्ती तर आगीतून फुफाट्यात नेणारी ठरते.

ज्या गाडीने मुलांची शिक्षणे केली, लग्ने लावली, तिच्याविषयी मालकाला माया वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या मायेपोटी नव्या कर्जाचा बोजा त्याच मुलांच्या डोक्यावर ठेवणे योग्य नव्हे. आकडे दुरुस्तीच्या बाजूचे असतील, तर मन लावून आणि पूर्ण दुरुस्ती करावी. ते विक्रीच्या बाजूचे असतील, तर भाव अजून हातात असताना, कागदपत्रे पूर्ण करून गाडीला निरोप द्यावा.